घरच्या वर्कशॉपमधल्या जुन्या ट्यूबलाइट बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बंगल्याच्या गॅरेजमध्ये, मागच्या पडवीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ज्यांनी आपलं छोटं वर्कशॉप थाटलंय, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. कुणी लाकूडकाम करतं, कुणी स्कूटर उघडून बसतं, कुणाकडे छोटा लेथ असतो. काम कुठलंही असलं, तरी डोक्यावर बहुतेक ठिकाणी चार फुटी ट्यूबलाइटच दिसतात, चोक-स्टार्टरवाल्या.

ट्यूब अजून पेटताहेत. मग बदलायच्या कशाला?

ट्यूब पेटते याचा अर्थ ती पुरेसा प्रकाश देते असा नाही. टोकं काळी पडलेली ट्यूब नव्या ट्यूबपेक्षा बराच कमी प्रकाश देते. हा उतार इतका हळू होतो की डोळे त्याला सरावतात आणि आपल्याला काही जाणवत नाही. पेन्सिलीची रेघ दिसेना, मोजपट्टीवरची मिलिमीटरची खूण वाचायला वाकावं लागलं, की माणूस चष्म्याचा नंबर वाढला असं समजतो.

लोक बहुतेक वेळा वीजबिलासाठी दिवे बदलतात. घराच्या वर्कशॉपमध्ये मला ते कारण दुय्यम वाटतं. फिरत्या पात्याजवळ बोटं नेताना ते पातं आणि बोटं दोन्ही स्पष्ट दिसली पाहिजेत, हे पहिलं कारण. त्यामुळे दिवा निवडताना वॅट शेवटी बघा. आधी प्रकाश स्थिर आहे का ते बघा आणि कामाच्या जागी सावली पडते का ते बघा.

ट्यूबलाइटखाली फिरतं मशीन थांबल्यासारखं दिसतं, हे खरं आहे का?

खरं आहे, आणि या विषयातली सगळ्यांत धोकादायक गोष्ट हीच आहे.

आपली वीज ५० हर्ट्झची. तांब्याच्या चोकवर चालणाऱ्या ट्यूबचा प्रकाश त्यामुळे सेकंदाला १०० वेळा वाढतो आणि कमी होतो. ही उघडझाप डोळ्यांना जाणवत नाही, पण फिरत्या वस्तूवर तिचा परिणाम दिसतो. लेथचा चार जबड्यांचा चक घ्या. तो मिनिटाला १,५०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर सेकंदाला २५ फेऱ्या झाल्या. प्रकाशाच्या दोन झोतांमध्ये चक बरोबर पाव फेरी फिरतो. दर झोताला एका जबड्याच्या जागी पुढचा जबडा आलेला असतो, म्हणून डोळ्यांना चक जागच्या जागी उभा दिसतो. वेग १,४४० असेल, तर प्रत्येक झोताला तो ३.६ अंशांनी मागे राहतो आणि सेकंदाला एक फेरी, तीही उलट्या दिशेने, घेताना दिसतो. मोटारच्या नेमप्लेटवर १,४४० हा आकडा आपल्याकडे सर्रास असतो, हे लक्षात घ्या.

ट्यूबच्या आतली पावडर दोन झोतांच्या मधेही थोडी उजळत राहते, त्यामुळे हा भास धूसर असतो, चित्रासारखा स्वच्छ नसतो. पण शेजारी दुसरं मशीन चालू असेल, आवाजावरून काही कळत नसेल, आणि घाईत हात पुढे गेला, तर धूसर भासही पुरेसा आहे.

कारखान्यांमध्ये यावर पूर्वीपासून उपाय होते. शेजारशेजारचे दिवे वेगवेगळ्या फेजवर टाकायचे, किंवा दोन ट्यूबच्या पट्टीत एका ट्यूबला कपॅसिटर जोडून दोघींची उघडझाप पुढेमागे करायची. घरी सिंगल फेज असतो आणि एकेरी पट्ट्या असतात. तिथे यातलं काहीच नसतं.

मग एलईडी लावली की हा प्रश्न संपला?

आपोआप नाही. एलईडीला लागणारी डीसी वीज बनवणाऱ्या भागाला ड्रायव्हर म्हणतात. चांगला ड्रायव्हर ही १०० वेळांची उघडझाप जवळजवळ पुसून टाकतो. काही स्वस्त बॅटनमध्ये (बॅटन म्हणजे दिवा आणि पट्टी एकत्र असलेली एलईडी पट्टी) मात्र वेगळा ड्रायव्हरच नसतो. एलईडीच्या पट्टीवरच एकदोन चिप बसवून काम भागवलेलं असतं. अशा दिव्याची उघडझाप कधी कधी जुन्या ट्यूबपेक्षाही तीव्र असते, कारण एलईडीला ट्यूबसारखी मधल्या क्षणात उजळत राहायची सवय नसते.

दुकानातच तपासा. मोबाइलच्या कॅमेऱ्यात स्लो मोशन लावून दिव्याचा व्हिडिओ घ्या. प्रकाश धडधडताना दिसला, तर तो दिवा मशीनवर लावायचा नाही. साधा फोटो किंवा साधा व्हिडिओ घेऊन ही तपासणी करू नका, बरेच फोन उघडझाप आपणहून लपवतात. मोबाइल नसेल तर दिव्याखाली पेन्सिल पंख्यासारखी झपाझप हलवा. सलग धुरकट पट्टा दिसला तर ठीक. एकाच वेळी अनेक सुट्या पेन्सिली दिसल्या तर दिवा परत द्या.

आणि दिवा कितीही चांगला असला, तरी मशीन बंद आहे की चालू हे नजरेने ठरवू नका. स्विचकडे बघा.

जुनी पट्टी तशीच ठेवून आत फक्त एलईडी ट्यूब घातली तर चालेल का?

चालतं. पण माझं मत विचाराल तर पट्टी काढूनच टाका आणि सरळ नवी एलईडी बॅटन लावा. दोन्ही कामांच्या खर्चात फार फरक उरलेला नाही, आणि पंधरा-वीस वर्षं जुन्या पट्टीचे होल्डर हमखास ठिसूळ झालेले असतात. ट्यूब फिरवताना त्यांचं प्लॅस्टिक हातात तुटून येतं.

तरीही पट्टी ठेवायचीच असेल, उदाहरणार्थ ती पांढऱ्या पत्र्याची, मोठ्या रिफ्लेक्टरची भक्कम औद्योगिक पट्टी असेल, तर ट्यूब कोणत्या प्रकारची आहे हे खोक्यावरची आकृती बघून पक्कं करा.

एक प्रकार तांब्याचा चोक जागेवर ठेवून चालतो. त्याच्याबरोबर स्टार्टरसारखा दिसणारा एक फ्यूज मिळतो आणि जुना स्टार्टर काढून तिथे तोच बसवायचा असतो. जुना स्टार्टर तसाच ठेवायचा नाही. यात चोक थोडी वीज खातच राहतो आणि गुणगुणतही राहतो.

दुसऱ्या प्रकारात चोक आणि स्टार्टर दोन्ही काढून वीज थेट होल्डरपर्यंत न्यायची असते. यातही दोन पोटप्रकार आहेत. काही ट्यूबना फेज आणि न्यूट्रल एकाच टोकाला द्यायचे असतात, काहींना एका टोकाला फेज आणि दुसऱ्या टोकाला न्यूट्रल. दोन टोकांच्या ट्यूबमध्ये एक बारीक धोका आहे. वीज चालू असताना एक टोक होल्डरमध्ये बसवलं आणि दुसरं टोक हातात असलं, तर त्या उघड्या पिनांवर वीज येऊ शकते. म्हणून घ्यायचीच तर एका टोकाची घ्या, आणि कुठलीही ट्यूब बसवताना वीज बंदच ठेवा.

चोक काढल्यावर पट्टीवर मार्करने ठळक लिहा: ‘चोक काढला आहे, फक्त एलईडी लावावी’. पाच वर्षांनी घरातलं दुसरं कुणीतरी तिथे जुनी ट्यूब लावायला जाईल, त्याच्यासाठी हे लिहायचं.

माझ्या पट्टीत तांब्याचा चोक आहे की इलेक्ट्रॉनिक?

स्टार्टर दिसत असेल, ट्यूब दोनचार वेळा लुकलुकून पेटत असेल आणि पट्टी वजनदार असेल, तर तांब्याचा. स्टार्टर नसेल आणि बटण दाबताच पेटत असेल, तर इलेक्ट्रॉनिक. इलेक्ट्रॉनिक चोक ट्यूबला हजारो हर्ट्झने चालवतो, त्यामुळे वर सांगितलेला थांबल्याचा भास त्यात नसतो. मात्र फ्यूजवाली एलईडी ट्यूब इलेक्ट्रॉनिक चोकवर लावायची नाही. तिथे चोक काढावाच लागतो.

जाडीही बघा. ३८ मिलिमीटर व्यासाची जाड ट्यूब म्हणजे ४० वॅटची टी-१२, २६ मिलिमीटरची म्हणजे ३६ वॅटची टी-८. लांबी आणि पिना सारख्याच असल्यामुळे चार फुटी एलईडी ट्यूब दोन्हींच्या होल्डरमध्ये बसते.

४० वॅटची ट्यूब काढून २० वॅटची बॅटन लावली तर प्रकाश कमी नाही का होणार?

कामाच्या टेबलावर नाही. साधी ४० वॅटची ट्यूब नवी असताना साधारण २,४०० ते २,५०० ल्युमेन (दिव्यातून निघणाऱ्या एकूण प्रकाशाचं माप) देते, पण तो प्रकाश चारही बाजूंना पसरतो. बराचसा छताकडे आणि पट्टीच्या पाठीवर वाया जातो. २० वॅटची बॅटन साधारण २,००० ल्युमेन देते, आणि ते बहुतेक खाली. छत मात्र आधीपेक्षा काळपट दिसतं आणि सावल्या थोड्या धारदार होतात. छताला आणि भिंतींना पांढरा रंग दिला तर दोन्ही गोष्टी बऱ्याच सुधारतात. चुना मारला तरी चालेल. वर्कशॉपच्या भिंतीवर मळखाऊ रंग लावायची आपल्याकडे पद्धत आहे, पण प्रकाशाच्या दृष्टीने तो सगळ्यांत महागडा रंग आहे.

एकूण किती बॅटन लागतील?

ढोबळ हिशोब असा. १० बाय १८ फुटांची जागा म्हणजे साधारण १६.५ चौरस मीटर. हातकामाला टेबलावर ३०० ते ५०० लक्स हवेत, बारीक कामाला त्याहून जास्त. एक लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर एक ल्युमेन. दिव्यातून निघालेल्या ल्युमेनपैकी भिंती, धूळ, दिव्याचं वय यांत जाऊन निम्मेच टेबलापर्यंत पोचतात असं धरा.

चार बॅटनचे झाले ८,००० ल्युमेन. निम्मे ४,०००. त्याला १६.५ ने भागलं तर जवळपास २४० लक्स. वावरायला, सामान शोधायला, झाडलोट करायला हे पुरेसं आहे, रेघेवर करवत चालवायला नाही. म्हणून सगळ्या जागेत चार, आणि त्याशिवाय कामाच्या टेबलावर दोन स्वतंत्र बॅटन, असा माझा सल्ला असतो. संपूर्ण खोली ५०० लक्सने उजळवण्यात अर्थ नाही. बारीक कामाला टेबलावर हलवता येणारा एक दिवा ठेवा.

वय साठीच्या पुढे असेल तर यात सढळ हाताने भर घाला. वयाबरोबर डोळ्याच्या बाहुलीचं उघडणं कमी होतं आणि भिंग पिवळट होतं. त्याच कामाला तरुणापेक्षा कितीतरी जास्त प्रकाश लागतो.

दिवे नेमके कुठे लावायचे?

बहुतेक गॅरेजमध्ये छताच्या मधोमध एक ओळ असते, आणि टेबल भिंतीला लावलेलं. तुम्ही टेबलाकडे तोंड करून उभे राहिलात की दिवा तुमच्या पाठीमागे येतो आणि तुमचीच सावली कामावर पडते. कितीही वॅट वाढवा, ती सावली हलत नाही. दिवा तुमच्या डोक्याच्या पुढे, टेबलाच्या जवळच्या कडेच्या किंचित आत, टेबलाच्या लांबीला समांतर असला पाहिजे.

खोलीसाठी मधल्या एका ओळीऐवजी दोन ओळी करा, दोन्ही भिंतींपासून साधारण पाव रुंदीवर. एका दिव्याची सावली दुसरा दिवा भरून काढतो.

ड्रिल मशीन आणि बँडसॉ यांच्या डोक्याचीच सावली कामावर पडते. त्यांना लवचीक मानेचा, चुंबकाच्या बुडाचा छोटा दिवा लावा. ग्राइंडरजवळ दिवा लावताना ठिणग्या त्याच्या दुधी प्लॅस्टिकवर जाणार नाहीत असं बघा.

शटर वर गुंडाळलं जात असेल किंवा दार आत उघडत असेल, तर दार पूर्ण उघडून मग जागा आखा. ही गोष्ट छिद्रं पाडून झाल्यावर आठवते.

पांढरा प्रकाश घ्यावा की पिवळा?

आपल्याकडे ६,५०० केल्विनचा निळसर पांढरा सगळीकडे मिळतो. धातूकाम आणि दुरुस्तीला तो चालतो. लाकडाला पॉलिश, रंग, डाग जुळवणं असेल तर ४,००० केल्विनचा शोधा. निळसर प्रकाशात सागाचा आणि शिसवाचा ऊबदारपणा मरतो, आणि दिवाणखान्यात नेल्यावर वस्तू वेगळीच दिसते. सीआरआय, म्हणजे त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा, ८० च्या खालचा असलेला दिवा घेऊच नका, रंगकामाला ९० मिळाला तर उत्तम. एकाच खोलीत दोन प्रकारचे पांढरे मिसळू नका.

आमची पत्र्याची शेड आहे. उन्हाळ्यात एलईडी टिकेल का?

एलईडीचा शत्रू उष्णता आहे. त्यातही एलईडी नाही, ड्रायव्हरमधला कपॅसिटर आधी जातो. विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात पत्र्याला चिकटवलेली बॅटन अक्षरशः भाजली जाते. बॅटन पत्र्यापासून फूटभर खाली, साखळीने किंवा लोखंडी पट्टीवर टांगा. वरून हवा खेळू द्या. तेवढ्याने तिचं आयुष्य बरंच वाढतं.

लाकूडकाम असेल तर भुसा प्रत्येक फटीत जातो. जुन्या पट्टीत गरम चोकवर साचलेला बारीक भुसा ही खरोखर आगीला निमंत्रण देणारी गोष्ट आहे, आणि पट्टी काढायला हेही एक मोठं कारण आहे. अशा जागी पूर्ण बंद, आयपी ६५ दर्जाची, म्हणजे धूळ आणि पाणी आत न जाणारी बॅटन घ्या. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याच्या ओलीसाठी आणि पट्टीत घर करणाऱ्या पालींसाठीही तीच योग्य. महिन्यातून एकदा दिवे पुसा.

संध्याकाळी व्होल्टेज पडतं, शिवाय इन्व्हर्टर आहे. फरक पडेल का?

चांगलाच. व्होल्टेज १७०-१८० वर आलं की स्टार्टरवाली ट्यूब नुसती लुकलुकत राहते. चांगल्या बॅटनच्या खोक्यावर चालण्याची व्होल्टेज मर्यादा छापलेली असते. १४० पासून चालणारी घेतली की संध्याकाळी अडत नाही. मोठी मोटार सुरू होताना दिवे जे मिचकावतात, तेही कमी होतं. चार जुन्या ट्यूब चोकसकट दोनशे वॅटच्या वर खातात, चार बॅटन ८० वॅट. इन्व्हर्टरच्या बॅटरीला हा फरक लगेच कळतो.

एक बॅटन तरी आत बॅटरी असलेली, वीज जाताच आपोआप चालू राहणारी लावा. वीज गेली तरी करवतीचं पातं पुढे कितीतरी सेकंद फिरत राहतं, आणि त्या अंधारात हात कुठे आहे हे दिसायला हवं. वीज परत आल्यावर मशीन आपोआप सुरू होत असेल, तर त्याचा स्विचही बदलून घ्या. अशा वेळी बंदच राहणारे स्विच मिळतात.

खोक्यावर काय बघायचं?

भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि ‘आर’ अक्षरानंतरचा आठ आकडी नोंदणी क्रमांक. तो ‘बीआयएस केअर’ या ॲपवर टाकला की खरा की खोटा ते कळतं. मग ल्युमेन, वॅट नाही. मग सर्ज संरक्षण, म्हणजे व्होल्टेजच्या अचानक उसळीपासूनचं संरक्षण, किती किलोव्होल्टचं आहे ते. वळवाच्या पावसात विजा पडणाऱ्या भागात किमान २.५, शक्यतो ४. शेवटी हमी किती वर्षांची, आणि ती दुकानदार स्वतः बदलून देतो का.

हे काम मी स्वतः करू का?

आहे त्याच जागी, आहे त्याच वायरवर पट्टीऐवजी बॅटन लावणं हे हाताला सवय असलेल्या माणसाला जमतं. नवी लाइन ओढणं, बोर्डात भर घालणं, अर्थिंग करणं हे परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

नुसतं बटण बंद करून पट्टीला हात लावू नका. जुन्या घरांत बटण फेजऐवजी न्यूट्रलवर लावलेलं सापडतं. मग दिवा बंद दिसतो, पण पट्टीत वीज असते. एमसीबी किंवा मेन स्विच बंद करा, त्यावर चिठ्ठी लावा, घरात सांगून ठेवा, आणि मग दोन्ही वायरी टेस्टरने तपासा. टेस्टर आधी चालू लाइनवर लावून तो चांगला आहे याची खात्री करा. दुहेरी पट्टीत कपॅसिटर असेल तर त्यात वीज साठलेली राहू शकते, त्याच्या टोकांना हात लावू नका.

शिडी लाकडाची किंवा फायबरची घ्या आणि खाली कुणाला तरी उभं करा. बॅटनची बॉडी धातूची असेल तर अर्थिंगची हिरवी वायर जोडलीच पाहिजे. जुन्या पट्टीला ती नव्हती म्हणून नव्यालाही नको, असं म्हणू नका. जुनी वायर कडक होऊन तडकली असेल तर दिव्यांसाठी १.५ चौरस मिलिमीटरची नवी टाकून घ्या. आणि वायरमन आलेलाच आहे, तर दिव्यांची लाइन मशीनच्या लाइनपासून वेगळ्या एमसीबीवर करून घ्या. करवत अडकून एमसीबी पडला, तर खोली अंधारात जाता कामा नये.

मोशन सेन्सर लावू का?

नको. मशीनपाशी माणूस स्थिर उभा असतो, आणि नेमका तेव्हाच सेन्सर दिवा घालवतो.

बिल किती कमी होईल?

जुनी ट्यूब चोकसकट ५० ते ५५ वॅट, बॅटन २०. चार दिवे, रोज तीन तास, महिन्याचे २६ दिवस धरले तर १० युनिटच्या आसपास वाचतात. तुमच्या बिलावरचा दर लावून बघा. रक्कम फार मोठी नाही.

नव्या ट्यूब पुढे मिळतील ना? मग दोनचार घेऊन ठेवतो.

भरवसा धरू नका. ट्यूबमध्ये पारा असतो. पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता कराराच्या २०२३ मधल्या जिनिव्हा बैठकीत सदस्य देशांनी ट्यूबलाइटचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२६-२७ पर्यंत थांबवायचं ठरवलं. भारत या कराराचा २०१८ पासून सदस्य आहे. युरोपीय संघाने टी-५ आणि टी-८ ट्यूब २०२३ च्या ऑगस्टपासून बाजारात आणायला बंदी केली. साठा करण्यापेक्षा ते पैसे एका चांगल्या बॅटनवर घाला.

काढलेल्या ट्यूबांचं काय करायचं?

कचऱ्याच्या गाडीत टाकायच्या नाहीत, आणि मुलांना फोडायला तर मुळीच द्यायच्या नाहीत. पारा असलेले दिवे ई-कचऱ्याच्या नियमांत येतात. त्या अखंड, नव्या बॅटनच्या खोक्यात गुंडाळून ठेवा आणि नगरपालिकेच्या ई-कचरा संकलनात किंवा अधिकृत पुनर्वापर केंद्रात द्या. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर अशा केंद्रांची यादी असते.

फुटलीच, तर सगळ्यांना बाहेर काढा, शटर-खिडक्या उघडा आणि पंधरा मिनिटं आत जाऊ नका. पंखा लावू नका. झाडू किंवा व्हॅक्यूम वापरू नका, त्याने पारा आणि पावडर हवेत उडते. हातमोजे घालून जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपा, ओल्या कागदाने फरशी पुसा आणि सगळं झाकणाच्या बरणीत बंद करून ई-कचऱ्यातच द्या.

तांब्याचे चोक मात्र भंगारवाला आनंदाने घेतो. पट्टीपासून सुटे करून द्या, पट्टीसकट दिले तर तो सगळ्याचाच लोखंडाच्या भावाने हिशोब करतो.